जोडीचं गाणं, दुरुस्त्यांसह मंजूर

रॉक बॅलड म्हणजे काय हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि तरीही प्रत्येकाचं त्यावर ठाम मत होतं. रॉक बॅलड हे प्रेमाचं गाणं असतं. शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय अशा बेताने ते सुरू होतं, आणि त्या माणसाला उठवून, जिना उतरवून, रस्त्यावर आणल्याशिवाय संपत नाही. मध्ये थोडा वेळ गिटारवाला एकटाच तळमळतो. तेवढ्यात गाणाऱ्याने डोळे मिटून नुसतं उभं राहायचं असतं. हा भाग मला पहिल्या दिवसापासून उत्तम जमत होता.

असं एक गाणं आपण लिहायचं, त्याला चाल लावायची आणि लग्नाच्या वाढदिवसाला गच्चीवर सगळ्यांसमोर बायकोसाठी गायचं, असं मी ठरवलं. कारण लपवण्यासारखं नाही. बायको एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची प्रमुख नर्स आहे. नावाजलेले सर्जनसुद्धा तिच्यासमोर कोपरापर्यंत हात धुतात आणि धुतल्यावर ते दोन्ही बाजूंनी दाखवतात. तिकडे लांब डोंगरात एक नवं हॉस्पिटल उभं राहतंय. तिथली थिएटरं पहिल्यापासून उभी करायला, तिथल्या नर्सना तयार करायला तिला बोलावणं आलं होतं. तीन वर्षांसाठी. होय की नाही ते एका सोमवारी कळवायचं होतं आणि आमचा वाढदिवस नेमका त्याच्या आदल्या शनिवारी येत होता.

तिने मला हे सांगितलं तेव्हा मी "कर की विचार" असं म्हणालो. इतक्या शांतपणे म्हणालो की माझं मलाच कौतुक वाटलं. मग बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बराच वेळ बादलीवर बसून राहिलो.

तिने जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. स्वयंपाकपाण्यासाठी नव्हे. निवृत्त झाल्यापासून चहा मीच करतो, भाजीही मीच करतो, आणि तिच्यापेक्षा बरी करतो असं तिचंच मत आहे. पण संध्याकाळी ती घरी येते, पिशवी खुर्चीवर टाकते आणि "अहो, आहात का?" असं विचारते. मी कुठे जाणार? मी घरीच असतो. तरी ती रोज विचारते आणि मी रोज "आहे" म्हणतो. हे बंद पडणार या विचारानेच माझी भूक मेली होती.

कुणी म्हणेल, मग तुम्हीच जा की तिच्याबरोबर. असं म्हणणाऱ्याने आमची इमारत पाहिलेली नाही. मी इमारतीचा सचिव आहे. पाण्याचा पंप सकाळी चालू कोण करतो? मी. वरच्या टाकीतला तरंगता गोळा अडकला की त्याला कुठून टिचकी मारायची हे कुणाला कळतं? मलाच. मी चार दिवस भाचीच्या लग्नाला गेलो होतो तर लिफ्ट मधल्याच मजल्यावर रुसून बसली होती. त्यामुळे माझ्या जाण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. मी तो उद्भवूच दिला नव्हता.

मुलगी दुसऱ्या शहरात असते आणि तिथून आपण आईवडिलांना सांभाळतो असा तिचा समज आहे. तिला फोनवर बेत सांगितला.

"बाबा, आईला सरळ सांगा ना, जाऊ नकोस म्हणून. त्यात काय एवढं?"

"सरळ सांगितलं की ते स्वार्थी दिसतं," मी म्हणालो. "तेच चालीत म्हटलं की कला होते."

मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही याआधी कधी गायलात?"

आजकालच्या मुलांना नको त्या वेळी नको ते प्रश्न सुचतात. माझा आवाज चांगला आहे. हे मत मी कुणाला विचारून बनवलेलं नसल्यामुळे ते आजवर टिकून आहे. नोकरी सगळी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून झाली. दुकानात शिरून, तराजूकडे पाहून "काटा हलतोय तुमचा" एवढं मी ज्या सुरात म्हणायचो, त्या सुराने भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. ज्याचा सूर एवढा लागतो त्याला एक गाणं जड जाणार नाही, हा माझा साधा हिशेब होता. आणि रॉक बॅलडच का, तर बायको युनिफॉर्मला इस्त्री करताना असलीच गाणी लावते आणि वरच्या पट्टीत गाणारा गाऊ लागला की इस्त्री हातातच धरून उभी राहते. आमचे दोन टेबलक्लॉथ त्यापायी गेले आहेत.

गाणं मी एका बैठकीत लिहून काढलं. मुखडा असा होता:

एका छताखाली, एका किल्लीने,
आपण उघडलं एकच दार,
जाऊ नकोस, थांब इथेच,
तुझ्याविना मी निराधार.

वाचून माझे मलाच डोळे पाणावले. आता गिटार हवी होती, आणि इथेच घोडं अडलं.

इमारतीत इलेक्ट्रिक गिटार फक्त तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे होती. ती त्यांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत पेटीत बंद करून ठेवली होती, कारण सचिव झाल्यावर मी पहिला नियम केला तो आवाजाचा. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा आवाज करायचा तर आधी अर्ज, मग मंजुरी. मर्यादा मोजायला एक आवाजमापक यंत्रही घेतलं. ते अचूक आहे की नाही हे मी स्वतः तपासलं, आणि खात्रीने सांगतो, इतकं प्रामाणिक यंत्र उभ्या आयुष्यात मी पाहिलं नाही. तेव्हापासून डॉक्टर माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नव्हते.

तरी गेलो. माणसाने मोठ्या कामासाठी लहान व्हावं. डॉक्टरांनी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोंड उघडा."

दवाखान्यात असल्यामुळे मी उघडलं. त्यांनी आरसा घालून आत पाहिलं.

"अक्कलदाढ अजून आहे तुमची. आवाज तिथे अडत असणार." मग आरसा पुसत म्हणाले, "सचिवसाहेब, रॉकमध्ये वेदना लागते."

"ती इथे मिळेलच की," मी म्हणालो.

ते हसले. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी पेटी उघडली आणि गिटारवरची धूळ एप्रनने पुसली. तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तशी. या हातांनी हे लोकांची मुळं काढतात, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

नियमाप्रमाणे आता अर्ज करायला हवा होता. अर्ज सचिवाकडे करायचा असतो. अर्जदार म्हणून मी तो सकाळी लिहिला आणि सचिव म्हणून दुपारी वाचायला घेतला. अर्ज अपूर्ण होता. गाण्यात शब्द असतील तर त्यांची प्रत जोडावी असं नियमात स्पष्ट लिहिलेलं असूनही अर्जदाराने ती जोडली नव्हती. ओळखीचा माणूस आहे, जाऊ द्यावं, असं क्षणभर वाटलं. पण असल्या सवलती देणारा माणूस मी नव्हे. शेरा मारून अर्ज परत केला. अर्जदार म्हणून मला या वागणुकीचा इतका राग आला की संध्याकाळचा चहा मी एकट्याने घेतला.

"काय लिहिताय एवढं?" बायकोने विचारलं.

"अर्ज."

"कुणाला?"

"मलाच."

"बरं," ती म्हणाली आणि बूट घालून ड्युटीवर गेली. ती फार प्रश्न विचारत नाही. थिएटरमध्ये काम करून तिची खात्रीच झाली आहे की उघडल्यावर काय ते दिसतंच.

दुसऱ्यांदा प्रत जोडून अर्ज केला, पण अर्ज करणारा आणि मंजूर करणारा एकच असू नये अशी हरकत मीच काढली. प्रकरण समितीपुढे गेलं. समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेले आहेत आणि अजूनही पाणी मागतानासुद्धा "सबब" हा शब्द वापरतात. वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना भिंतीपलीकडची टाचणी पडलेली ऐकू येते. डॉक्टर, आणि मी. बैठक अध्यक्षांच्या जेवणाच्या टेबलावर भरली. गाणं एकदा वाचून दाखवलं की सगळे गहिवरतील आणि सह्या करतील, अशी माझी अपेक्षा होती.

अध्यक्षांनी चष्मा लावला. "ओळ पहिली. एका छताखाली. कुठलं छत?"

"घराचं. आमचं."

"म्हणजे इमारतीचं. त्याच्या गळतीची तक्रार प्रलंबित आहे. उद्या कुणी म्हणेल, समितीने मंजूर केलेल्या गाण्यात छत धडधाकट असल्याचं गृहीत धरलंय. सबब, छत काढा."

छत काढलं. त्याच्या जागी आभाळ आलं. आभाळाची देखभाल समितीकडे येत नाही हे दोनदा तपासून घेण्यात आलं.

"आणि ते किल्लीचं काय?" काकू म्हणाल्या. "दोघांत मिळून एकच किल्ली, हे असं गच्चीवरून ओरडून सांगायचं? चोराला घरचा पत्ताच दिला की."

किल्ली गेली. तिथे वाट आली, कारण रॉकमध्ये रस्ता असावाच लागतो असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. निराधार हा शब्द ऐकला की आपला हात मदतीसाठी खिशाकडे जातो, असं अध्यक्ष म्हणाले, तेव्हा निराधारही गेलं. मी मूग गिळून लिहीत होतो. शब्द गेले तरी गाण्याचा प्राण तिसऱ्या ओळीत होता आणि ती ओळ साधीसरळ होती.

"जाऊ नकोस, थांब इथेच," काकूंनी मोठ्याने वाचलं. "हे बायकोला म्हणायचंय की लिफ्टला?"

"काकू, ही भावना आहे."

"कळतंय मला भावना." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मी नाटकाच्या दौऱ्यावर निघाले होते एकदा. बॅग भरून झाली होती. आमचे हे दारात येऊन इतकंच म्हणाले, थांब ना. थांबले मी. वाईट काही झालं नाही हो, माणूस चांगला आहे. पण इतकी वर्षं झाली, अजून अधूनमधून वाटतं, ती बॅग तशीच भरलेली असती तर."

अध्यक्षांनी उगाचच पेनचं टोपण लावलं आणि काढलं. मला काकूंचा थोडा रागच आला, कारण त्या बोलत असताना मला बायकोचे बूट डोळ्यांपुढे दिसायला लागले होते.

"कायद्यानेसुद्धा कुणाला एका जागी थांबवून ठेवता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "समितीच्या शिक्क्याने तर नाहीच नाही."

"त्यापेक्षा 'जाशील तिथे येईन मी' म्हणा," काकू म्हणाल्या. "ऐकायला कसं वाटतं बघा."

"अहो, पण त्याने अर्थ पार बदलतो!"

"सुधारतो," काकू म्हणाल्या.

मत घेण्यात आलं. दुरुस्तीच्या बाजूने तिघं, विरोधात मी. सचिव या नात्याने माझा पराभव मीच सुवाच्य अक्षरात इतिवृत्तात नोंदवला.

इथे वाचक म्हणेल, समितीचं काय एवढं, गच्चीवर उभं राहिल्यावर आपलंच गायचं. हा विचार मला शिवला नाही, आणि शिवला असता तर मी अंघोळ केली असती. मंजूर झालेल्या मजकुरात गाताना बदल करायचा म्हणजे शिक्का मारलेल्या वजनाला मागून भोक पाडायचं. तसली वजनं मी आयुष्यभर जप्त केली आहेत. शिवाय मी मनाची समजूत घातली की गाण्यातल्या वचनांना कोण विचारतो? चंद्र आणून देतो म्हणणाऱ्याच्या दारात कुणी टेम्पो घेऊन उभं राहत नाही. चाल माझीच आहे, आवाज माझा आहे. ऐकून तिचं मन भरून येईल आणि ती आपणहून थांबेल. माझा भरवसा जराही ढळला नव्हता.

पण नियमात आणखी एक बाब होती. मंजूर मजकूर रहिवाशांच्या हरकतींसाठी लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावायचा. खोडलेले शब्द खोडलेलेच दिसायला हवेत आणि नवे लाल शाईत. माझं गुपित प्रेमगीत असं जाहीर सूचना म्हणून भिंतीवर चढलं. बायकोच्या येण्याजाण्याच्या वेळा मला पाठ होत्या. तेवढ्या वेळी मी बोर्डाला पाठ लावून उभा राहू लागलो.

"अहो, इथे काय करताय?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"बोर्ड सैल झालाय. धरून उभा आहे."

"बरं. धरून झालं की जेवायला या."

हरकतींमध्ये कुणीतरी "गाणं छोटं करता आल्यास पाहावं" असं लिहून गेलं, कुणी "मध्यंतरात चहा आहे का?" असं विचारलं. मात्र दिवसभर लिफ्टची वाट पाहणाऱ्या माणसाला वाचायला दुसरं काही नसतं. आठवडा उलटायच्या आत जिन्यातून वर जाणारा येणारा माझी ओळ पुटपुटायला लागला. माझी म्हणजे समितीची.

तालीम दवाखान्यात होत असे. डॉक्टरांना दुसरी वेळ नव्हती, म्हणून पेशंटची दाढ बधिर होईपर्यंत जो वेळ मिळतो त्यात आम्ही गात होतो. खुर्चीत एखादा भला माणूस तोंड उघडून आडवा पडलेला, त्याच्या उशाशी डॉक्टर गिटार छेडताहेत आणि पायाशी मी. हे पेशंट श्रोते म्हणून फार चांगले. पळून जात नाहीत आणि बोलूही शकत नाहीत. अडचण बाहेर बसलेल्यांची झाली. गाण्याच्या शेवटी मी "येईन मी" मधला "मी" वरच्या पट्टीत नेऊन तिथे बराच वेळ ठेवत असे. पहिल्या दिवशी तो ठेवून बाहेर आलो तर बाकं रिकामी होती. आत कुणाची तरी दाढ मुळासकट निघाली अशी बाहेरच्यांची खात्री झाली होती. एक बाई तर चपला टाकून गेल्या.

"रोग्यांचं काय एवढं, ते परत येतील," डॉक्टर म्हणाले. "पण सचिवसाहेब, तो वरचा स्वर तुम्ही नेमका कुठे नेता? म्हणजे मला गिटारवर तो शोधायला बरं."

मी हा प्रश्न व्यावसायिक जिज्ञासा म्हणून घेतला. मुलीला फोनवर मुखडा ऐकवला तेव्हा ती "बाबा, रेंज जातेय का तुमची?" म्हणाली. तेही मी यंत्रावर ढकललं.

आणि मग तो शनिवार आला. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. टाकीच्या बाजूला स्पीकर, त्यामागे जिन्यातून ओढून आणलेली वायर. डॉक्टरांनी त्यांच्या तरुणपणचं कातडी जॅकेट मला घालायला लावलं. ते त्यांच्या तरुणपणाच्या मापाचं होतं. आत शिरलो खरा, पण हात खांद्यापर्यंत उचलायची सोय उरली नाही. बायको ड्युटीवरून थेट वर आली, पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली आणि माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

अध्यक्ष स्टुलावर आवाजमापक घेऊन बसले होते. "मर्यादा ओलांडली की हात वर करीन. सबब, माझ्याकडे लक्ष ठेवा."

पहिली ओळ छान झाली. मऊ, बेताची. घोळ दुसऱ्या ओळीपासून सुरू झाला. ढोलासाठी डॉक्टरांनी एक यंत्र आणलं होतं आणि त्या यंत्राला एकच ठेका येत होता, तोही नाचाचा. मी दोन शब्दांत एक गाळत, धापा टाकत त्याच्या मागे पळू लागलो. चिरकालीन प्रेमाचं गाणं गाडी चुकणाऱ्या माणसासारखं चाललं होतं. मग आला गिटारचा भाग. नियमांनुसार मी डोळे मिटले. दुर्दैवाने डॉक्टरांनीही मिटले. इतक्या वर्षांचं पेटीत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. अध्यक्षांनी एक हात वर केला. मग दुसरा केला. मग दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवायला लागले. लोकांना वाटलं, या प्रकारच्या संगीतात असंच करायचं असतं. अख्खी गच्ची दोन्ही हात वर करून डोलू लागली. सर्वांत पुढे काकू होत्या. मला एकट्यालाच हात वर करता येत नव्हते, जॅकेटमुळे.

आणि फटकन वीज गेली. गच्चीवरची, जिन्यातली, सगळ्या इमारतीची. खाली कुठेतरी लिफ्ट गपकन थांबली आणि मला फ्यूजचा वास आला. डॉक्टरांची बोटं चालूच होती, पण गिटारमधून आता तारेच्या किणकिणीपलीकडे काही येत नव्हतं. संध्याकाळचा उजेड अजून होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

खाली जाऊन फ्यूज बघणं हे माझं काम होतं. पाय वळलेही होते. पण मुखडा राहिला होता, आणि बायको पिशवीवर हात ठेवून तशीच बसली होती. तिच्या पायात दिवसभराचे बूट होते. ती थकली होती, तरी वर आली होती आणि हा सगळा तमाशा खालमानेने नव्हे तर ताठ बसून बघत होती. मी माईक खाली ठेवला आणि माईकशिवाय, ठेक्याशिवाय गायला लागलो.

आभाळ एक, वाट एक,
उघडू दोघं नवं दार,
जाशील तिथे येईन मी,
रस्ता लांब, आपण तयार.

दुसऱ्यांदा मुखडा घेतला तेव्हा मागून आवाज आले. सगळ्यांना पाठ होता. लिफ्टची वाट बघून बघून पाठ झाला होता. काकू गात होत्या, त्यांचे हे गात होते, हरकत लिहिणारे गात होते. स्टुलावरचे अध्यक्षही गात होते आणि मांडीवरच्या यंत्राकडे बघायचं विसरले होते. आणि त्या गलक्यात तिसरी ओळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी समितीचं वाक्य म्हणत नाहीये. मला जायचं होतं. पंप, टाकी, लिफ्ट, बोर्ड, सगळं मागे सोडून या बाईच्या मागे जायचं होतं. एवढ्या दिवसांत इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याचं मला गाता गाताच नवल वाटलं. वरचा "मी" मी त्या दिवशी कुठे नेऊन ठेवला ते ठाऊक नाही, पण जॅकेट काखेत टर्रकन फाटलं.

टाळ्या थांबल्या तशी बायको उठली.

"झालं?"

"झालं."

"आता मला सांगा. 'थांब इथेच' तुमचं होतं ना? बोर्डावर खोडलेलं होतं, पण वाचता येत होतं."

"तू वाचलंस? मी तर पुढे उभा होतो!"

"अहो, तुम्ही माझ्यापेक्षा बुटके आहात. रोज डोक्यावरून वाचत होते."

हे चारचौघांत म्हणायची गरज नव्हती. मी फाटक्या काखेवर हात दाबला.

"मी सोमवारी नाही म्हणून कळवणार होते," ती म्हणाली. आता तिचा आवाज जरा हळू झाला. "मला जायचं होतं. पण तुम्ही काही ही इमारत सोडायचे नाहीत हे मी धरूनच चालले होते. आणि तुमच्याशिवाय तिकडे मला करमलं नसतं."

म्हणजे मी नुसता गप्प बसलो असतो, तर जे हवं होतं ते मला आयतं मिळालं असतं. गाणं नाही, अर्ज नाही, जॅकेट नाही. या विचाराने मी क्षणभर कपाळावर हात मारणार होतो, पण तो हात काखेत अडकला होता.

"समितीचं काय ते ऐकलं मी," ती म्हणाली. "तुमचं सांगा. याल?"

"सचिवपदाचा राजीनामा मात्र लेखी लागेल," अध्यक्ष मागून म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे फक्त एकदा पाहिलं, सर्जनकडे पाहते तसं. ते खाली बसले आणि नकळत दोन्ही हात पुढे धरले.

"येतो," मी म्हणालो. "खरंच येतो. मला यायचंच आहे."

काकूंनी पदराने नाक पुसलं. बायकोने पिशवीतून फोन काढला आणि तिथेच उभ्या उभ्या त्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना लावला. "हो, मीच. सोमवारपर्यंत कशाला थांबू? येतेय मी. नाही नाही, नर्सेसच्या वसतिगृहात नको. दोघांची सोय लागेल. हो, मिस्टर पण येताहेत."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. केस विस्कटलेले, घसा बसलेला, काखेतून अस्तर लोंबणारा मी तिच्यासमोर उभा होतो. मिस्टर काय करतात, असं विचारलं असणार हे ओळखून मी हळूच सुचवलं, "निवृत्त निरीक्षक, वजनमापे खातं."

"गातात," ती म्हणाली.